पेशी थांबते तेव्हा

अमेरिकन शास्त्रज्ञ लेलंड हार्टवेलला खरंतर कॅन्सर समजून घ्यायचा होता. साठच्या दशकात त्याने सुरुवात केली ती सस्तन प्राण्यांच्या पेशींपासून, आणि त्या पेशींचं जेनेटिक्स म्हणजे त्या काळी जवळपास अशक्यच प्रकरण, वाढायला वेळ लागतो, सांभाळायला कटकट, आणि वर प्रत्येक जीनच्या दोन कॉप्या, त्यामुळे एक बिघडली तरी दुसरी काम उरकून नेते आणि आपल्याला बाहेरून काही म्हणजे काही दिसत नाही. म्हणून तो यीस्टकडे वळला. तेच ब्रेड फुगवणारं आणि बिअर आंबवणारं यीस्ट. तेव्हा पुष्कळांना हे विचित्रच वाटलं असणार, कारण एका पेशीची बुरशी आणि माणसाचा ट्यूमर यांच्यात बघायला गेलं तर नातं काय? पण नातं आहे, आणि ते इतकं जवळचं आहे की मी स्वतः यीस्टवर काम करायला लागल्यावरसुद्धा मला ते पचायला बराच वेळ लागला.

यीस्ट का, याची व्यवहारी कारणं आधी सांगून टाकते. चांगलं खायला मिळालं तर एका पेशीच्या दोन व्हायला साधारण दीड तास लागतो. म्हणजे संध्याकाळी थोडंसं कल्चर फ्लास्कमध्ये टाकून घरी जायचं आणि सकाळी कोट्यवधी पेशी तयार. शिवाय यीस्ट हॅप्लॉइड अवस्थेत, म्हणजे प्रत्येक जीनची एकच कॉपी घेऊन मजेत जगू शकतं, त्यामुळे जीन बिघडला की परिणाम लगेच दिसतो, झाकायला दुसरी कॉपी नसतेच. आणि तरीही ही आपल्यासारखीच केंद्रक असलेली पेशी आहे, तिच्यात क्रोमोसोम आहेत, ते दोन बाजूंना ओढून नेणारे स्पिंडलचे धागे आहेत. बॅक्टेरियात यातलं बरंच काही नसतं.

आता खरी अडचण बघा. पेशीला विभाजनासाठी जो जीन लागतोच लागतो, तो तुम्ही मोडलात तर पेशी वाढणारच नाही. वाढली नाही तर कॉलनी, म्हणजे एका पेशीपासून प्लेटवर वाढलेला पेशींचा ठिपका, नाही आणि कॉलनी नाही तर अभ्यासाला हातात काही उरतच नाही. म्हणजे जे शोधायचंय नेमकं तेच हातातून जातं. यावरचा तोडगा म्हणजे तापमानाला हळवे असलेले म्युटंट, म्हणजे जीनमध्ये बदल झालेल्या पेशी. जीनमध्ये एखादं अक्षर असं बदलतं की त्यातून बनणारं प्रोटीन २३ अंशाला नीट काम करतं आणि ३६ अंशाला त्याची घडी विस्कटते. मग काय, २३ ला पेशी हव्या तेवढ्या वाढवा, सांभाळा, फ्रीझरमध्ये ठेवा, आणि बघायचं असेल तेव्हा ३६ ला न्या. इतकी साधी युक्ती, पण अख्खं क्षेत्र या एका युक्तीवर उभं राहिलंय असं म्हटलं तरी चालेल.

हे म्युटंट शोधायची पद्धत मला अजूनही फार आवडते कारण त्यात मखमल लागते. खरोखरची मखमल, निर्जंतुक केलेली. म्युटेशन घडवणारं केमिकल देऊन पेशी प्लेटवर पसरायच्या, कॉलन्या आल्या की ती प्लेट लाकडी किंवा धातूच्या ठोकळ्यावर ताणलेल्या मखमलीवर अलगद दाबायची. कापडाच्या बारीक लवेवर प्रत्येक कॉलनीतल्या थोड्या पेशी चिकटतात. मग त्याच कापडावर एक नवी प्लेट, आणि लगेच दुसरी, दिशा चुकू नये म्हणून कडेला खूण करून. एक प्लेट थंड इनक्युबेटरमध्ये, दुसरी गरम. दुसऱ्या दिवशी दोन्ही प्लेटा दिव्यासमोर शेजारी शेजारी धरायच्या आणि कॉलनी-कॉलनी ताडून बघायची, थंड प्लेटवर आहे आणि गरम प्लेटवर त्याच जागी नुसता पुसटसा ठसा आहे अशी कॉलनी सापडली की तिच्याभोवती पेनाने गोल. डोळे दुखतात, पण ती रिकामी जागा दिसली की जो आनंद होतो तो मला कुठल्याही मशीनच्या आकड्यांनी दिलेला नाही.

पण नुसतं ३६ अंशाला वाढत नाही एवढ्याने भागत नाही ना. पेशी शंभर कारणांनी वाढायची थांबते. प्रोटीन बनवायची यंत्रणा बिघडली तरी थांबते, पडदा बिघडला तरी थांबते. त्या ढिगातून विभाजनाचे जीन वेगळे कसे काढायचे? सिअ‍ॅटलला हार्टवेलच्या लॅबमध्ये १९७० च्या आसपास याचं उत्तर मिळालं आणि त्यात ब्रायन रीड नावाच्या एका अंडरग्रॅज्युएट विद्यार्थ्याचा मोठा वाटा होता. तो पेशींचे फोटो काढत होता. गरम तापमानाला नेताना एक फोटो, काही तासांनी त्याच पेशींचा दुसरा फोटो.

इथे यीस्टचा एक गुण कामी आला. ब्रेडचं यीस्ट कळी फोडून वाढतं. विभाजनाच्या सायकलच्या सुरुवातीला पेशी गोल असते, कळी नसते. डीएनएची कॉपी सुरू होते त्या सुमारास बारीकशी कळी डोकावते, मग ती मोठी होत जाते, शेवटी केंद्रक मान ओलांडून दोन्हीकडे वाटलं जातं आणि कळी सुटून वेगळी पेशी होते. म्हणजे कळीचा आकार बघितला की पेशी सायकलमध्ये कुठे आहे ते कळतं, वेगळं काही मोजायची गरज नाही. आता समजा एखाद्या म्युटंटमध्ये प्रोटीन बनवायची यंत्रणा बंद पडली, तर प्रत्येक पेशी जिथे असेल तिथे अडकणार, कुणाला कळी नाही, कुणाला छोटी, कुणाला मोठी, सगळा गोंधळ. पण विभाजनाची एकच विशिष्ट पायरी चढवणारा जीन बिघडला असेल तर? तर प्रत्येक पेशी, सुरुवातीला कुठेही असली तरी, चालत चालत त्याच पायरीपर्यंत येणार आणि तिथेच थांबणार. काही तासांनी सगळ्या पेशी एकसारख्या दिसणार.

हे मी पुस्तकात वाचलं होतं, समजलंय असंही वाटत होतं, पण मायक्रोस्कोपखाली बघितल्यावरच ते खरं समजलं. थंड फ्लास्कमधल्या थेंबात नेहमीचं मिश्र दृश्य, सगळ्या वयाच्या कळ्या. आणि त्याच स्ट्रेनचा ३६ अंशाला काही तास ठेवलेला थेंब लावला तर जिकडे बघावं तिकडे डंबेलसारख्या पेशी, आई आणि कळी दोन्ही सारख्याच मोठ्या, आणि डीएनएला रंग दिला की दिसतं केंद्रक एकच, बरोबर मानेपाशी अडकलेलं. स्लाइड सरकवत गेले तरी तेच. मी कितीतरी वेळ नुसती बघत बसले होते. जीन ही तोवर माझ्यासाठी कागदावरची गोष्ट होती, अक्षरांची ओळ. इथे तो जीन नसला म्हणजे काय होतं ते समोर होतं आणि पेशी जणू बोट ठेवून सांगत होती की माझं काम इथवर आलं आणि पुढची पायरी नाहीये.

हार्टवेल आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९७३ मध्ये असे १४८ म्युटंट मांडले आणि ते ३२ जीनमध्ये बसतात असं दाखवलं. दोन म्युटंट एकाच जीनचे आहेत की वेगळ्या, हे कळायला त्यांचं लग्न लावायचं. यीस्टमध्ये दोन लिंगं असतात, ए आणि अल्फा. लग्नातून झालेली डिप्लॉइड, म्हणजे प्रत्येक जीनच्या दोन कॉप्या असलेली पेशी ३६ अंशाला वाढली तर दोघांचे बिघाड वेगळ्या जीनमध्ये, एकमेकांची उणीव भरून निघाली. नाही वाढली तर बिघाड एकाच जीनमध्ये. आणि म्युटंटचं लग्न धडधाकट पेशीशी लावून झालेल्या डिप्लॉइडला उपाशी ठेवलं की ती चार बीजाणू बनवते, ते चार मायक्रोस्कोपखाली काचेच्या बारीक सुईने एकेक करून वेगळे लावायचे. श्वास रोखूनच ते काम करावं लागतं, टेबलाला धक्का लागला तरी बीजाणू गायब. पण दोन दिवसांनी चारातले दोन वाढलेले आणि दोन न वाढलेले असे ओळीने दिसले की मेंडेल प्लेटवर उतरल्यासारखा वाटतो.

या ३२ जीनना सीडीसी, म्हणजे सेल डिव्हिजन सायकल, आणि पुढे नंबर अशी नावं आहेत, आणि त्यातले काही मला अगदी ओळखीच्या माणसांसारखे वाटतात. सीडीसी-४ बिघडलं तर पेशी कळीवर कळी फोडत राहते पण डीएनएची कॉपी सुरूच होत नाही. सीडीसी-२४ बिघडलं तर उलट, कळी येतच नाही पण आत डीएनएची कॉपी होते, केंद्रक विभागतं. या दोघांवरून एक फार मोठी गोष्ट कळली, की कळी फोडणं आणि डीएनए कॉपी करणं ही एका ओळीतली कामं नाहीत, ती दोन वेगळ्या वाटांनी चालतात. आणि सीडीसी-२८ बिघडलं तर दोन्ही वाटा बंद. पेशी गोल, कळी नाही, डीएनएची कॉपी नाही, काहीच सुरू नाही. म्हणजे दोन्ही वाटा जिथून फुटतात तिथे हा जीन बसलाय. हार्टवेलने त्या जागेला स्टार्ट म्हटलं. फक्त मोडलेल्या पेशींचे फोटो बघून, एकही प्रोटीन हातात न घेता, एवढा नकाशा काढला त्या लोकांनी. मला विचाराल तर विसाव्या शतकातल्या बायॉलॉजीतल्या सगळ्यात सुंदर तर्कांपैकी हा एक आहे.

तिकडे एडिंबरामध्ये पॉल नर्स हा ब्रिटिश शास्त्रज्ञ दुसऱ्याच यीस्टवर काम करत होता. हे फिशन यीस्ट, कळी फोडत नाही, कांडीसारखं लांब होतं आणि मधोमध तुटतं. ब्रेडच्या यीस्टचं ते फार जवळचं नातलग नाही, दोघांचे पूर्वज अतिशय जुन्या काळी वेगळे झाले. नर्सला असे म्युटंट मिळाले जे थांबत नव्हते तर घाई करत होते, जवळपास निम्म्या लांबीचे असतानाच विभागून मोकळे. त्याने त्यांना वी म्हटलं, स्कॉटिश बोलीत वी म्हणजे चिमुकलं. हे बघायला गंमत वाटते पण विचार करा, पायरी मोडली तर गाडी थांबते, त्यातून पायरी आहे एवढंच कळतं. पण बिघाडामुळे काम लवकर होतंय याचा अर्थ तुम्ही वेग ठरवणाऱ्या जागी हात घातलाय. वी-१ हा जीन ब्रेक निघाला. असे जे म्युटंट मिळत गेले ते जवळजवळ सगळे याच जीनचे होते. एक मात्र वेगळा, आणि तो ज्या प्लेटवर होता तिच्यावर बुरशी चढलेली म्हणून नर्सने ती कचऱ्यात टाकून दिली होती, घरी गेला, मनाला लागून राहिलं, पावसात परत आला आणि प्लेट काढली. त्याने स्वतःच हे सांगितलंय. तो म्युटंट सीडीसी-२ या जीनचा निघाला. सीडीसी-२ मोडलं की पेशी थांबते आणि त्याच जीनमध्ये दुसऱ्या प्रकारचा बदल झाला की पेशी घाई करते. म्हणजे सगळ्याच्या मध्यावर हाच.

पुढे १९८२ मध्ये दिसलं की ब्रेडच्या यीस्टचा सीडीसी-२८ फिशन यीस्टमध्ये घातला तर तो सीडीसी-२ चं काम करतो. दोघांनी स्वतंत्रपणे, वेगळ्या देशात, वेगळ्या जिवात, एकच जीन गाठला होता.

आणि मग १९८७. लंडनच्या इम्पीरियल कॅन्सर रिसर्च फंडमध्ये मेलनी ली आणि नर्स यांनी काय केलं तर फिशन यीस्टचा सीडीसी-२ बिघडलेला म्युटंट घेतला आणि त्यात माणसाच्या जीनची अख्खी लायब्ररी ओतली, प्रत्येक पेशीत माणसाचा कुठलातरी एखादा जीन. कुठला जीन हवाय, त्याची अक्षरं काय, काही ठाऊक नाही. गरम तापमानाला नेलं. ज्या पेशींना उपयोगाचं काही मिळालं नाही त्या थांबल्या. पण थोड्या पेशी वाढल्या. त्यांच्यातला माणसाचा जीन बाहेर काढून वाचला तर त्याचं प्रोटीन यीस्टच्या सीडीसी-२ शी ६० टक्क्यांहून जास्त जुळणारं. आज त्याला सीडीके-१ म्हणतात, सीडीके हे अशा प्रोटीनच्या कुटुंबाचं नाव. हा प्रयोग कितीही वेळा वाचला तरी माझ्या अंगावर काटा येतो. ज्या दोन जिवांचे रस्ते शंभर कोटी वर्षांपूर्वी किंवा त्याच्याही आधी वेगळे झाले, त्यातल्या एकाचा भाग दुसऱ्यात बसतो आणि मरणारी पेशी विभागायला लागते. हे सारखं दिसतं म्हणून सारखं असेल असा अंदाज बांधणं वेगळं, आणि इथे तर पेशीनेच तो भाग स्वीकारला. पुढे २०१५ मध्ये एका गटाने यीस्टचे ४१४ अत्यावश्यक जीन एकेक करून माणसाच्या जीनने बदलून बघितले तर जवळजवळ निम्म्या ठिकाणी यीस्ट जगलं.

टिम हंट या ब्रिटिश शास्त्रज्ञाचं कामही याच कथेतलं आहे, १९८२ मध्ये समुद्री अर्चिनच्या अंड्यांमध्ये त्याला असं प्रोटीन दिसलं जे प्रत्येक विभाजनाआधी साठत जातं आणि विभाजनाच्या वेळी एकदम नाहीसं होतं, त्याला सायक्लिन नाव पडलं, आणि नंतर कळलं की सीडीके चालू व्हायला हे सायक्लिन जोडीला लागतं. २००१ चं नोबेल हार्टवेल, हंट आणि नर्स या तिघांना मिळालं. सीडीकेच्या कुटुंबातल्या ४ आणि ६ नंबरच्या सदस्यांना अडवणारं पाल्बोसिक्लिब हे औषध २०१५ पासून अमेरिकेत स्तनाच्या कॅन्सरसाठी दिलं जातंय. यीस्टवरचा पैसा वाया जातो म्हणणाऱ्यांना मी हे नाव सांगते, जरी मनातून मला वाटतं की औषध निघालं नसतं तरी हे काम तितकंच मोलाचं होतं.

पण मला ज्यासाठी हे सगळं लिहावंसं वाटलं ती गोष्ट याच्या पुढची आहे. इतका वेळ आपण थांबणं हे बिघाडाचं लक्षण समजत होतो. पायरी मोडली, पुढे जाता येत नाही, म्हणून पेशी थांबली. ऐंशीच्या दशकात हार्टवेलकडे आलेल्या टेड वाइनर्टने वेगळाच प्रश्न विचारला. यीस्टला एक्स-रे दिले की डीएनए तुटतो आणि पेशी मोठ्या कळीच्या अवस्थेत थांबतात, दुरुस्ती करतात आणि मग पुढे जातात. हे सगळ्यांना माहीत होतं. वाइनर्टने विचारलं की त्या थांबतात का? तुटलेल्या डीएनएमुळे पुढे जाणं शक्यच नसतं म्हणून, की कुणीतरी त्यांना थांबवतं म्हणून?

त्याने एक्स-रेला हळवे असलेले जुने म्युटंट घेतले, जे बरीच वर्षं फ्रीझरमध्ये पडून होते आणि ज्यांच्याबद्दल सर्वसाधारण समज हाच की यांची दुरुस्तीची यंत्रणा बिघडलेली असणार. त्यातला रॅड-९ नावाचा जीन बिघडलेला म्युटंट वेगळा निघाला. एक्स-रे दिल्यावर या पेशी थांबल्याच नाहीत. तुटलेला डीएनए घेऊन तशाच विभागत गेल्या, आणखी काही वेळा विभागल्या आणि मेल्या. मग त्याने जे केलं ते तर कमालच होतं. एक्स-रे दिल्यावर त्याच रॅड-९ पेशींना एका औषधाने स्पिंडल बनू न देता जबरदस्तीने थांबवून ठेवलं, काही तासांनी औषध धुऊन टाकलं, आणि बऱ्याच पेशी वाचल्या. म्हणजे त्यांना दुरुस्ती येत होती! हत्यारं सगळी होती. त्यांना येत नव्हतं ते फक्त थांबणं.

हा पेपर १९८८ चा. आणि रॅड-९ चा जीन काढून टाकला तरी धक्का न लागलेली पेशी छान वाढते, दीड तासात विभागते, काही फरक नाही. विभाजनाला तो लागतच नाही. त्याचं काम एवढंच की काही बिनसलं तर बाकीच्यांना थांबवायचं. अशा जागांना चेकपॉइंट म्हणायला लागले. म्हणजे डीएनए तुटल्यावरचं ते थांबणं हा पेशीचा निर्णय होता, आणि त्या निर्णयासाठी वेगळे जीन आहेत, ते माणसातही आहेत. मी हे पहिल्यांदा नीट समजून घेतलं तेव्हा कॅन्सरबद्दलची माझी कल्पनाच बदलली. तोवर माझ्या डोक्यात कॅन्सरची पेशी म्हणजे जोरात धावणारी पेशी. पण धावणं हा निम्मा भाग झाला. थांबायला हवं तिथे ती थांबत नाही, मोडकं क्रोमोसोम पुढे ढकलते, पुढच्या पिढीत आणखी मोडतं, आणि हे वाढतच जातं. रॅड-९ नसलेल्या यीस्टमध्येसुद्धा एक्स-रे वगैरे काही न देता क्रोमोसोम हरवायचं प्रमाण नेहमीपेक्षा जास्त असतं, अगदी शांतपणे, बाहेरून काही दिसत नाही.

१९९१ मध्ये असाच दुसरा चेकपॉइंट सापडला, तोही यीस्टमध्येच आणि दोन लॅबना एकाच वर्षी. बेनोमिल हे बुरशीनाशक दिलं की स्पिंडलचे धागे मोडतात आणि पेशी वाट बघत थांबते. जे म्युटंट थांबत नव्हते ते शोधून मॅड आणि बब नावांचे जीन मिळाले. त्यांचं काम काय, तर प्रत्येक क्रोमोसोमला धागा लागलाय ना याची खात्री होईपर्यंत कुणालाही पुढे जाऊ द्यायचं नाही. एक जरी सुटा राहिला तरी थांबा. ब्रेडच्या यीस्टमध्ये १६ क्रोमोसोम, आपल्या पेशीत ४६, आणि त्यातल्या एकासाठी बाकी सगळे खोळंबून राहतात. हे चालू असताना मायक्रोस्कोपमध्ये बघितलं तर काहीच हलताना दिसत नाही, आणि आत मात्र सतत इशारा जात असतो की थांब, अजून नाही, थांब.

यीस्टला मर्यादा आहेत हेही मी मानते. त्याला शेजारी नाहीत, ऊती नाहीत, रक्तवाहिन्या नाहीत. शेजारच्या पेशीने आता बस म्हटलं म्हणून आपली पेशी थांबते हा सगळा भाग यीस्ट शिकवू शकत नाही, त्यासाठी माशी, उंदीर, माणसाच्या पेशी लागतातच. यीस्टमध्ये सगळं मिळेल असं कुणी म्हणायला लागलं तर मी वाद घालते.

पण एक प्रश्न असा आहे ज्यावर अजून यीस्टच उत्तम जागा आहे आणि तो मला सगळ्यात जास्त ओढतो. नवी कळी सुटते तेव्हा ती आईपेक्षा लहान असते, आणि ती लगेच कामाला लागत नाही, स्टार्टच्या आधी थांबते, खाते, पुरेशी मोठी होते आणि मगच पुढे. पण आपण पुरेसे मोठे झालो हे तिला कळतं कसं? मोजपट्टी तर नाही. २०१५ मध्ये एक फार देखणी कल्पना पुढे आली. व्ही-५ नावाचं एक प्रोटीन स्टार्टला अडवून धरतं, पेशी या टप्प्यात मोठी होत असताना त्याचं एकूण प्रमाण तितकंच राहतं, म्हणून पेशी जसजशी फुगते तसतसं ते पातळ होत जातं, आणि पुरेसं पातळ झालं की दार उघडतं. माणसात याच जागी आरबी नावाचं प्रोटीन बसलेलं असतं, अक्षरांनी त्याच्याशी काही नातं नाही पण काम तेच, आणि लहान मुलांच्या डोळ्यांत होणारा रेटिनोब्लास्टोमा हा कॅन्सर याच आरबीच्या बिघाडातून होतो. नंतर काही लॅबनी मोजून बघितलं तर त्यांना व्ही-५ पातळ होताना दिसलं नाही, दुसऱ्यांना दिसलं, आणि तो वाद अजून जोरात चालू आहे. मला स्वतःला वाटतं की उत्तर एकाच प्रोटीनमध्ये सापडणार नाही, कारण व्ही-५ पूर्ण काढून टाकलं तरी पेशी जगतात, जरा लवकर विभागतात, आकाराने लहान राहतात, आणि तरीसुद्धा आपापला आकार बऱ्यापैकी सांभाळून असतात.